जर्मन आणि जपानी कंपन्यांबरोबर काम करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे परिसराचा परदेशी उद्योगांशी असलेला संबंध जुना आहे. जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो १९५८ साली उभी राहिली. पुढे २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि त्याच चाकणमध्ये ब्रिजस्टोनसारखी जपानी कंपनीही आली. या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे भोसरी, पिंपरी, तळेगावचे लघु व मध्यम उद्योजक, त्यांचे गुणवत्ता विभागातील अभियंते आणि हिंजवडीतून या ग्राहकांसाठी काम करणारे संगणक अभियंते यांना ज्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात, त्यांवरची ही प्रश्नोत्तरे आहेत. परदेशी ग्राहक म्हणजे सगळे एकच, असे समजून तयारी करणाऱ्यांची फसगत होते. म्हणून येथे जर्मनी आणि जपान या दोनच देशांपुरते बोलले आहे.

सांस्कृतिक फरक म्हणजे हस्तांदोलन कसे करावे, वाकून नमस्कार कसा करावा, हेच ना?

ते अगदी वरवरचे आहे आणि त्याची चिंता गरजेपेक्षा जास्त केली जाते. जर्मनीत बैठकीला आलेल्या प्रत्येकाशी नीट हस्तांदोलन करावे आणि आडनावाने संबोधावे; जपानमध्ये व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे व घ्यावे, घेतलेले कार्ड वाचून टेबलावर समोर ठेवावे, लगेच खिशात कोंबू नये, आणि समोरच्याच्या आडनावाला ‘सान’ जोडावे, स्वतःच्या नावाला मात्र कधीही जोडू नये. एवढे सांभाळले तरी पुरते. यात काही चुकले तर पाहुणा म्हणून तुम्हाला सहज सांभाळून घेतले जाते.

ज्या फरकांमुळे ऑर्डर जाते ते वेगळे आहेत. दिलेला शब्द केव्हापासून बांधील मानला जातो, वाईट बातमी कोणी, कधी आणि कोणत्या स्वरूपात सांगायची, निर्णय प्रत्यक्षात कोठे होतो आणि कागदावर लिहिलेल्या गोष्टीला किती वजन असते, या चार बाबतींत आपली, जर्मनांची आणि जपान्यांची रीत तीन दिशांना जाते. त्यातही वाईट बातमीचा प्रश्न सर्वांत मोठा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खाली त्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे ती त्यामुळेच.

‘जर्मन असे असतात, जपानी तसे असतात’ असे सरसकट बोलणे योग्य आहे का?

जपून वापरले तर उपयोगी आहे. या विषयाचे डच अभ्यासक गेर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवरून देशोदेशींचे निर्देशांक काढले. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील अंतर किती स्वाभाविक मानले जाते, याचा भारताचा आकडा ७७, जपानचा ५४ आणि जर्मनीचा ३५ आहे. अनिश्चितता किती नकोशी वाटते, याच्या मोजणीत जपान ९२, जर्मनी ६५ आणि भारत ४० वर आहे. चाकणच्या कोणत्याही गुणवत्ता अभियंत्याला हे आकडे ओळखीचे वाटतील: शंभरदा तपासूनही जपानी ग्राहकाची शंका संपत नाही, आणि आपला माणूस ‘होईल, बघू’ म्हणून निवांत असतो.

तरीही ही सरासरी आहे, तीही एकाच कंपनीतल्या नोकरदारांची आणि अर्ध्या शतकापूर्वीची. बव्हेरियातील तीन पिढ्यांची कौटुंबिक कंपनी आणि बर्लिनमधली तरुणांची सॉफ्टवेअर कंपनी यांत फार अंतर असते. ओसाकाचा व्यापारी टोकियोतल्या मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्यापेक्षा मोकळेपणाने बोलतो. म्हणून पहिल्या भेटीला जाताना हे सामान्य ज्ञान बरोबर न्यावे आणि समोरचा माणूस जसजसा कळत जाईल तसतसे ते बाजूला ठेवावे.

आम्ही ‘हो’ म्हटले, तरी ग्राहक नंतर ‘तुम्ही शब्द पाळला नाही’ असे का म्हणतो?

आपल्याकडे वरिष्ठाने किंवा ग्राहकाने काही विचारले, तर ‘हो साहेब, होऊन जाईल’ हे उत्तर पुष्कळदा आदर आणि तयारी दाखवण्यासाठी दिलेले असते. प्रयत्नांची पराकाष्ठा करू, असे त्यातून सांगायचे असते. ऐकणाऱ्या मराठी माणसालाही हे माहीत असते, म्हणून तो दोन दिवसांनी फोन करून ‘कुठपर्यंत आले?’ असे विचारतो आणि त्यात कोणालाच वावगे वाटत नाही.

जर्मन ग्राहक असा फोन करीत नाही. तुम्ही शुक्रवार म्हणालात की तो पुढच्या कामाची सगळी आखणी शुक्रवार धरून करतो आणि शुक्रवारपर्यंत शांत बसतो. त्याच्या शांत बसण्याचा अर्थ ‘घाई नाही’ असा काढणे ही आपल्याकडची सर्वांत सामान्य चूक आहे. जपानी ग्राहकाचे याच्या उलट असते. तो बैठकीत वारंवार ‘हाय, हाय’ म्हणत मान हलवतो, पण त्यातून त्याला फक्त ‘ऐकतो आहे, कळले’ एवढेच सांगायचे असते. त्यावरून सौदा पक्का झाला असे समजून कच्चा माल मागवू नये. ‘यावर विचार करून कळवतो’ असे जपानी माणूस म्हणाला आणि कधी, हे सांगितले नाही, तर तो बहुधा नकार असतो.

आपल्या बाजूने उपाय सोपा आहे. होकाराबरोबर तीन गोष्टी सांगाव्यात: तारीख, ती तारीख कोणत्या गोष्टींवर अवलंबून आहे, आणि मधल्या टप्प्यावर आपण स्वतःहून कधी कळवू. ‘नक्की सांगता येत नाही, बुधवारी टूल रूमशी बोलून सांगतो’ हे उत्तर दोन्ही देशांतल्या ग्राहकांना पोकळ होकारापेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह वाटते.

माल उशिरा जाणार असे दिसत असेल तर ग्राहकाला नेमके कधी कळवावे?

ज्या दिवशी शंका आली त्या दिवशी. हे वाचायला सोपे आहे आणि आपल्या कारखान्यांत करायला फार अवघड आहे, कारण आपल्याकडे वाईट बातमी वर नेणाऱ्यालाच बोलणी बसतात. लाइनवरचा सुपरवायझर शिफ्ट इन्चार्जला सांगत नाही, इन्चार्ज ‘रात्रपाळीत काढून टाकू’ म्हणतो, मॅनेजर मालकांचा मूड बघतो, आणि ग्राहकाला कळते तेव्हा कंटेनर बंदरावर पोहोचायला हवा असतो. यात कोणीच खोटे बोललेले नसते. प्रत्येकाने आपापल्या परीने गोष्ट सावरण्याचाच प्रयत्न केलेला असतो.

ग्राहकाच्या बाजूने बघा. तीन आठवडे आधी कळले असते तर त्याने साठा पुरवून वापरला असता, उत्पादनाचा क्रम बदलला असता, फार तर थोडा माल विमानाने मागवला असता. आदल्या दिवशी कळल्यावर यांपैकी काहीही त्याच्या हाती उरत नाही. उशीर झाला म्हणून रागावलेले ग्राहक पुढच्या ऑर्डरपर्यंत विसरतात. उशीर लपवला म्हणून दुखावलेले ग्राहक मात्र नवा पुरवठादार शोधायला लागतात, आणि हे जर्मन व जपानी दोघांनाही सारखेच लागू आहे.

जपानी कंपन्यांत नव्या माणसाला पहिल्या महिन्यातच ‘होरेन्सो’ शिकवतात, म्हणजे अहवाल देणे, कळवत राहणे आणि सल्ला घेणे. वाईट बातमी तर चांगल्या बातमीच्या आधी आली पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. आपल्याला किरकोळ वाटणारी गोष्टसुद्धा, उदाहरणार्थ एखाद्या मशीनवरचा कुशल कामगार आठवडाभर रजेवर आहे ही, त्यांना आधी माहीत असायला हवी असते. कारण त्यांच्या दृष्टीने माणूस बदलला की प्रक्रिया बदलली.

कळवताना काय लिहावे, तेही महत्त्वाचे आहे. ‘काही अपरिहार्य कारणांमुळे थोडा विलंब अपेक्षित आहे, कृपया सहकार्य करावे’ या वाक्यातून ग्राहकाला काहीही कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘पाच हजारांपैकी तीन हजार दोनशे नग ठरल्या तारखेला निघतील. उरलेले अठराशे हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत बिघाड झाल्यामुळे सहा दिवस उशिरा निघतील. भट्टीचे काम परवा संपेल. दरम्यान बाहेरच्या मान्यताप्राप्त भट्टीतून काढण्याचा पर्याय आहे, पण त्याला आपली मंजुरी लागेल. पुढची माहिती गुरुवारी दुपारी देतो.’ किती माल, किती दिवस, का, आम्ही काय करतो आहोत, तुमच्याकडून काय हवे आणि पुढचा निरोप कधी, एवढे सहा मुद्दे आले की जर्मन ग्राहक समाधानाने पुढच्या कामाला लागतो. जपानी ग्राहकाला पाठवताना याच मजकुरापूर्वी स्पष्ट शब्दांत क्षमा मागावी आणि पाठोपाठ फोन करावा. बाहेरच्या भट्टीत माल न विचारता मात्र कधीही टाकू नये. आपण त्याला प्रसंगावधान समजतो, पण दोन्हीकडे तो विश्वासघात मानला जातो.

गुणवत्तेची तक्रार आली आणि आमचा ८डी अहवाल (तक्रारीचे मूळ कारण व उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल) परत आला. काय चुकले असेल?

अशा परत आलेल्या अहवालांत मूळ कारणाच्या रकान्यात बहुधा ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ आणि उपायाच्या रकान्यात ‘ऑपरेटरला समज दिली व प्रशिक्षण दिले’ असे लिहिलेले असते. असा अहवाल कोणीही स्वीकारत नाही. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून, चुकलेला भाग पुढे जाऊ न देणारी व्यवस्था का नव्हती, हा त्यांचा प्रश्न असतो. भाग उलटा बसतो, याचे कारण फिक्सचरला, म्हणजे भाग पकडून ठेवणाऱ्या साधनाला, तो उलटा बसू न देणारी पिन नाही हे आहे. आणि पिन का नाही, याचे कारण फिक्सचरच्या डिझाइनची तपासणी कोणी केलीच नाही, हे आहे. टोयोटाने रूढ केलेली ‘पाच वेळा का’ ही पद्धत एवढ्यासाठीच आहे. ती आपल्याकडे प्रत्येक कारखान्याच्या भिंतीवर टांगलेली असते. तिसऱ्या ‘का’नंतर उत्तर व्यवस्थापनाच्या दाराशी येऊन थांबते, म्हणून आपण दुसऱ्यावरच थांबतो.

दोन ग्राहकांच्या अपेक्षांतला फरकही ध्यानात घ्यावा. जर्मन ग्राहकाला मापे, फोटो, बॅच क्रमांक आणि संशयित माल कोठे कोठे अडवून ठेवला आहे याचा हिशेब आधी हवा असतो. लांबलचक माफीनामा त्याला कामाचा वाटत नाही, किंबहुना काहीतरी झाकले जात आहे अशी शंका येते. जपानी ग्राहकापुढे मात्र आधी झालेल्या त्रासाबद्दल खेद व्यक्त करावा आणि मगच कारणमीमांसेकडे वळावे. माफीआधी दिलेले स्पष्टीकरण कितीही खरे असले तरी ते सबब वाटते. शिवाय जपानी अभियंता अहवालावर समाधान मानणार नाही. तो प्रत्यक्ष जागेवर येईल, ते मशीन चालताना बघेल, लाल पेटीतले नाकारलेले भाग हातात घेईल आणि ऑपरेटरशी दुभाष्यामार्फत बोलेल. अशा वेळी ऑपरेटरच्या वतीने मॅनेजरने उत्तरे देऊ नयेत.

जर्मन लोक सगळ्यांसमोर चुका काढतात. ते आमचा अपमान करतात का?

नाही. ‘हा हिशेब चुकीचा आहे’ असे जर्मन अभियंता भर बैठकीत म्हणतो तेव्हा तो हिशेबाबद्दल बोलत असतो आणि बैठक संपल्यावर त्याच माणसाबरोबर हसतखेळत कॉफी घेतो. तुम्हीही त्याचा हिशेब पुराव्यानिशी खोडून काढावा, अशी त्याची अपेक्षा असते. आपण गप्प राहिलो तर आपल्याला मान्य आहे, किंवा विषय कळलेला नाही, असे तो धरून चालतो.

मात्र उलट दिशेने हे लक्षात ठेवावे की जर्मन पद्धत पाहून तोच मोकळेपणा जपानी बैठकीत दाखवू नये. तिथे वरिष्ठासमोर त्याच्या कनिष्ठाची चूक काढली तर दोघांचीही मान खाली जाते आणि ते नाते सुधारायला फार काळ जातो. जे सांगायचे ते बैठकीआधी किंवा नंतर, संबंधित माणसाला एकट्याला गाठून सांगावे.

जपानी ग्राहकाबरोबर चार-चार बैठका होतात, तरी निर्णय होत नाही. वेळकाढूपणा चालला आहे का?

निर्णय बैठकीत होतो, हेच गृहीतक तिथे चालत नाही. प्रस्तावावर आधी खरेदी, डिझाइन, गुणवत्ता आणि उत्पादन या सर्व विभागांतल्या माणसांशी अनौपचारिकपणे, एकेकट्याने बोलून घेतले जाते. याला ते ‘नेमावाशी’ म्हणतात. मग एक लेखी प्रस्ताव खालून वर फिरतो आणि प्रत्येक जबाबदार अधिकारी त्यावर आपला शिक्का उमटवतो. औपचारिक बैठकीत या सगळ्याची फक्त नोंद होते. म्हणून बैठकीत अचानक नवा मुद्दा किंवा नवा भाव काढला की सारे गोंधळतात. त्या मुद्द्याची पूर्वतयारी झालेली नसते आणि शिक्क्यांचा प्रवास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

तुमच्या हातात जे आहे ते असे: तुमच्याशी रोज ईमेल करणारा जो कनिष्ठ अधिकारी आहे, तो हा प्रस्ताव आत फिरवणार आहे. त्याला प्रत्येक विभाग काय विचारेल, हे त्याच्याकडून समजून घ्या आणि त्या प्रश्नांची उत्तरे, चाचण्यांचे निकाल, प्रक्रियेचे आराखडे त्याला आधीच तयार करून द्या. त्याचे काम तुम्ही सोपे केलेत की तुमचा प्रस्ताव वेगाने सरकतो. त्याला वगळून थेट संचालकांना फोन लावणे, ही आपल्याकडची हमखास चालणारी युक्ती, तिथे उलटते.

या संथपणाची दुसरी बाजूही आहे. एकदा होकार आला की अंमलबजावणी झपाट्याने होते, कारण कोणाला काही पटवायचे शिल्लक नसते. त्या टप्प्यावर ‘आम्हाला आता तयारीला दोन महिने लागतील’ असे सांगणाऱ्या पुरवठादाराबद्दल त्यांचे मत फार वाईट होते. त्यांच्या विचारविनिमयाच्या काळातच आपली तयारी पूर्ण करावी.

भाव सांगितल्यावर समोरचा गप्प बसतो. त्या वेळी काय करावे?

आपणही गप्प बसावे. जपानी बैठकीत प्रश्नानंतरची शांतता म्हणजे विचार चालू असल्याची खूण असते. ती आपल्याला सोसवत नाही. मार्केटिंगचा माणूस अर्ध्या मिनिटात ‘बरं, दोन टक्के कमी करतो’ असे बोलून जातो, आणि समोरच्याने मागितलेलीच नसलेली सवलत देऊन मोकळा होतो. त्याहून वाईट म्हणजे पहिला भाव फुगवून सांगितला होता, असा त्यातून अर्थ निघतो. जर्मन ग्राहकाकडे शांततेचा प्रश्न येत नाही, पण तो भावाची फोड मागतो: कच्चा माल किती, मशीनचा तास किती, रिजेक्शन किती धरले. ती फोड खरी आणि तयार असावी.

बैठकीत आमच्याकडून कोणी बोलावे?

ज्याला विषय माहीत आहे त्याने. तांत्रिक प्रश्न विचारला की आपल्याकडे सर्वांच्या नजरा साहेबांकडे वळतात आणि साहेब, ज्यांनी ते मशीन वर्षभरात पाहिलेले नसते, उत्तर देतात. जर्मन अभियंता लगेच खोलात जाऊन दुसरा प्रश्न विचारतो आणि पंचाईत होते. बैठकीपूर्वी विषय वाटून घ्यावेत आणि मालकांनी सर्वांसमोर ‘याचे उत्तर आमच्या प्रोसेस इंजिनिअर देतील’ असे म्हणावे; त्यातून मालकांचा मान कमी होत नाही. ती अभियंता महिला असेल आणि समोर जपानी वरिष्ठ असतील, तर सुरुवातीच्या ओळखीतच तिचे पद व जबाबदारी स्पष्ट सांगावी. जपानी कंपन्यांत वरच्या पदांवर स्त्रिया अजूनही कमी असल्याने, पुढे प्रश्न शेजारच्या पुरुषाकडे वळण्याची शक्यता त्यामुळे बरीच कमी होते.

ड्रॉइंग आणि आकड्यांत संस्कृतीचा काय संबंध?

पुष्कळ, आणि इथे चूक झाली तर माल भंगारात जातो. जर्मन लेखनात दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी पूर्णविराम वापरतात. जर्मन ड्रॉइंगवर ‘१,२५०’ असे दिसले तर ते सव्वा मिलिमीटर आहे. जर्मन कोटेशनमध्ये ‘२.५०० युरो’ म्हणजे अडीच हजार युरो. हाताने लिहिलेला जर्मन ‘एक’चा अंक वरच्या लांब रेघेमुळे आपल्याला ‘सात’सारखा दिसतो, आणि त्यांच्या ‘सात’ला मध्ये आडवी रेघ असते.

ड्रॉइंगवर भागाची वरची, समोरची, बाजूची दृश्ये कोठे मांडायची, याच्या दोन पद्धती आहेत. भारतात आणि जर्मनीत ड्रॉइंग ‘फर्स्ट अँगल’ पद्धतीने काढतात. जपानमध्ये ‘थर्ड अँगल’ पद्धत आहे. एकाच कारखान्यात दोन्ही ग्राहकांचे काम चालत असेल तर टायटल ब्लॉकमधले, म्हणजे ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीतले, शंकूचे छोटे चिन्ह पाहिल्याशिवाय मशीनचा प्रोग्रॅम करायला घेऊ नये, नाहीतर डावी-उजवी बाजू उलटी असलेला, मापांनी अगदी अचूक आणि तरीही निरुपयोगी भाग हाती येतो.

जर्मन ग्राहक तारखेऐवजी बहुधा कॅलेंडर आठवडा सांगतात. ‘आठवडा २३’ म्हणजे वर्षातला तेविसावा आठवडा, सोमवारपासून सुरू होणारा. वर्षाचा पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. माल त्या आठवड्यात निघायला हवा की त्यांच्याकडे पोहोचायला हवा, हे पहिल्याच ऑर्डरला विचारून घ्यावे. जपानमध्ये तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहितात. मोठ्या रकमांसाठी आपण लाख-कोटींत मोजतो तसे ते ‘मान’ म्हणजे दहा हजार आणि ‘ओकु’ म्हणजे दहा कोटी यांत मोजतात. दोघेही मनातल्या मनात आपापल्या मापातून इंग्रजी मिलियनमध्ये येताना एखादे शून्य चुकतात, म्हणून फोनवर ठरलेली रक्कम त्याच दिवशी अंकांत लिहून पाठवावी.

कराराकडे दोघे कसे पाहतात?

जर्मन करार सविस्तर असतो आणि अडचण आली की पहिल्यांदा तोच उघडला जातो; सही करण्यापूर्वी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा आणि न पटणारे कलम तेव्हाच काढून घ्यावे, ‘पुढचे पुढे बघू’ म्हणू नये. जपानी करार परंपरेने आटोपशीर असतात आणि वाद झाल्यास दोन्ही पक्ष सद्भावनेने चर्चा करतील, असे कलम त्यांत आढळते. ते कलम शोभेचे नसते. परिस्थिती बदलली तर खरोखरच बोलून मार्ग काढण्याची त्यांची तयारी असते, पण त्या बदल्यात तुम्हीही अडचणीच्या वर्षात त्यांची साथ सोडू नये, अशी अपेक्षा असते.

सुट्ट्या आणि कामाच्या वेळा यांचा मेळ कसा घालावा?

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. जर्मनी हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळी वेळ लागू असताना, म्हणजे मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत, साडेतीन तास मागे आहे. म्हणजे जपानसाठी आपली सकाळ आणि जर्मनीसाठी आपली दुपार राखून ठेवावी. जर्मन कायद्यानुसार दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग अकरा तास विश्रांती द्यावी लागते आणि पाच दिवसांच्या आठवड्यात वर्षाला किमान वीस दिवसांची भरपगारी रजा हा हक्क आहे. रजेवर गेलेला जर्मन सहकारी फोन उचलत नाही, म्हणून त्याच्या जागी कोण बघणार, हे तो जाण्यापूर्वी विचारावे. ऑगस्टमध्ये आणि नाताळ ते नववर्ष या काळात तिथून मंजुरी मिळणे कठीण असते. जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा, ऑगस्टच्या मध्यातील ओबोन आणि वर्षअखेर या तीन सुट्ट्या ठरलेल्या आहेत.

आपल्या सुट्ट्याही त्यांना वर्षाच्या सुरुवातीलाच कळवाव्यात, ही गोष्ट फार कमी कारखाने करतात. गणपतीत कोकणातले आणि दिवाळी-छठ व होळीला उत्तरेकडचे कामगार गावी जातात. आळंदी-देहूहून पालख्या निघतात तेव्हा त्या भागातली वाहतूक वळवली जाते. वारी पाचशे किलोमीटरवरून नव्हे तर आपल्या गेटसमोरून जाते, हे ग्राहकाला आपण सांगितल्याशिवाय कसे कळणार? आधी सांगितले तर हे नियोजन ठरते, ऐनवेळी सांगितले तर सबब.

भेटवस्तू द्याव्यात का? जेवणाचे काय?

जर्मन वाहन उद्योगात भेटवस्तूंबाबत नियम कडक असतात; दिवाळीचा सुकामेव्याचा मोठा डबा परत येऊ शकतो आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही अवघडल्यासारखे होते. मिठाई द्यायचीच तर कार्यालयातील सर्वांसाठी, एकत्र. जपानमध्ये भेटीला जाताना आपल्या गावची खास, सुबक बांधलेली, वाटून खाता येईल अशी वस्तू न्यावी. चितळ्यांची बाकरवडी छान चालते. ती दोन्ही हातांनी द्यावी, तुमच्यासमोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नये, आणि चार नगांचा संच टाळावा, कारण चार हा आकडा तिथे अशुभ मानतात.

शाकाहारी असाल तर जपानला जाण्यापूर्वी तसे लेखी कळवावे आणि माशाचा अर्कही चालत नाही, हे स्पष्ट लिहावे. तिथल्या बहुतेक रश्श्यांचा पाया माशांपासून केलेला असतो. मद्य घेत नसाल तर दोन्हीकडे तसे सरळ सांगावे, कोणी आग्रह धरत नाही. आपल्याकडे पाहुणे आले की ‘अजून एक पोळी’चा आग्रह मात्र आवरता घ्यावा: पहिल्या नकाराला नकारच समजावे.

जर्मन आणि जपानी दोघेही शिस्तीचे. मग त्यांचे आपसात तरी जमते का?

शिस्त सारखी दिसते, पण तिच्यामागची अपेक्षा निराळी असते. डिसेंबर २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि सुझुकी यांनी भागीदारी जाहीर केली व फोक्सवॅगनने सुझुकीचे १९.९ टक्के समभाग घेतले. भारतातील मारुतीमुळे या कराराकडे आपल्याकडेही लक्ष होते. आपण बरोबरीचे भागीदार आहोत, ही सुझुकीची भूमिका होती. फोक्सवॅगनच्या वार्षिक अहवालात मात्र सुझुकीच्या निर्णयांवर आपला प्रभाव असल्याचे वर्णन आले. सुझुकीने फियाटकडून डिझेल इंजिने घेतल्यावर फोक्सवॅगनने करारभंगाचा आरोप केला. २०११ मध्ये प्रकरण लवादाकडे गेले आणि २०१५ मध्ये लवादाने करार संपवण्याचा सुझुकीचा हक्क मान्य केला. सुझुकीकडूनही काही भंग झाल्याचे त्याच निर्णयात म्हटले होते. दोन्ही कंपन्यांकडे उत्तम अभियंते होते. कागदावरचा एक तपशील एका बाजूला हिशेबाची नोंद वाटला आणि दुसऱ्या बाजूला मानाचा प्रश्न, आणि हे वेळीच समोरासमोर बोलले गेले नाही. पैशाचे आणि तंत्रज्ञानाचे मतभेदही त्यात होते, पण संबंध बिघडवायला ही एक ठिणगी मोठी ठरली, असे मला वाटते.

भाषा शिकणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, पण प्रत्येक कारखान्यात एकाने तरी शिकावी. पुण्यात त्याची सोय चांगली आहे: मॅक्स म्युलर भवनात जर्मन, विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विभागात जर्मन व जपानी दोन्ही शिकता येतात, आणि जपानीची जेएलपीटी परीक्षा पुण्यात देता येते. जपानीत क्रियापद मराठीसारखेच वाक्याच्या शेवटी येते आणि विभक्तीच्या प्रत्ययांसारखे शब्दांश नामानंतर लागतात, त्यामुळे बोलण्यापुरते शिकायला मराठी माणसाला ते फारसे जड जात नाही. लिपीला मात्र वेळ द्यावा लागतो. करार आणि तांत्रिक वाटाघाटींसाठी अर्धवट येणारी भाषा वापरू नये. तेथे व्यावसायिक दुभाषी घ्यावा आणि त्याला तांत्रिक शब्दांची यादी दोन दिवस आधी द्यावी.

आमच्याशी बोलणारा माणूसच बदलला. आता पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची का?

जपानी कंपन्यांचे आर्थिक वर्षही आपल्यासारखेच बहुधा एप्रिलपासून असते आणि त्याच सुमारास मोठ्या प्रमाणावर बदल्या होतात. जाणारा माणूस सहसा नव्याला बरोबर घेऊन किंवा व्हिडिओ कॉलवर ओळख करून देतो. तशी भेट ठरली नाही तर तुम्ही विनंती करावी आणि आपल्या बाजूनेही मालक किंवा विभागप्रमुखांनी उपस्थित राहावे. जर्मनीत असा सोहळा नसतो, नव्या माणसाचा ईमेल थेट कामाचाच येतो. दोन्हीकडे एक कागद तयार ठेवावा: चालू ऑर्डर, प्रलंबित मंजुऱ्या, मागील वर्षातील गुणवत्तेच्या तक्रारी आणि त्यांवरचे उपाय, तसेच तोंडी ठरलेल्या पण कोठेही न लिहिलेल्या सवलती. त्या तोंडी सवलती जुना माणूस असतानाच त्याच्याकडून ईमेलवर पक्क्या करून घ्याव्यात. तो गेल्यावर नव्या माणसाला त्या मान्य करणे अवघड जाते आणि त्यासाठी त्याला दोष देता येत नाही.